कॅमेरा कोणाच्या हातात?

सफाई कामगारांवर अहवाल काही कमी लिहिले गेलेले नाहीत. कामगार किती, पगार किती, हातमोजे किती वाटले, याचे तक्ते त्यात असतात. पण हातमोजे कागदावरच वाटले गेले आणि माणूस उघड्या हाताने घाण उपसतो आहे, हे तक्ता सांगत नाही. छायाचित्र सांगते. म्हणून श्रमिकांच्या जीवनाचा अभ्यास करणाऱ्यांनी कॅमेऱ्याला संशोधनाचे साधन मानावे, असे आम्हाला वाटते.

हे नवे नाही. समाजशास्त्र शिकलेल्या लुईस हाईन यांनी अमेरिकेत १९०८ पासून गिरण्या-खाणींतील बालकामगारांची छायाचित्रे घेतली. मालक आत घेत नसत, तेव्हा ते विक्रेता बनून जात. आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मुलाची उंची मोजत आणि गुपचूप टिपण ठेवत. नुसता फोटो म्हणजे पुरावा नव्हे. तारीख, ठिकाण आणि काम यांची नोंद जोडली की तो पुरावा होतो.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे अनेक वर्षे टिपले. जातीने श्रमिकांनाच एकमेकांपासून तोडले, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले होते. ती फाळणी या छायाचित्रांत डोळ्यांना दिसते.

पण धोकाही आहे. फोटो काढणारा निघून जातो, कामगार तिथेच राहतो. फोटो छापून आला म्हणून कंत्राटदाराने त्याला कामावरून काढले, तर जबाबदार कोण? म्हणून आधी संमती हवी. मग तो फोटो कामगारापुढे ठेवून विचारले पाहिजे, यात तुम्हाला काय दिसते? अभ्यासकाला कचऱ्याची गाडी दिसते. तिच्या फाटक्या पत्र्याने हात कापतो, हे गाडी ढकलणारी बाईच सांगू शकते.

चीनच्या युन्नान प्रांतात १९९०च्या दशकात खेड्यातील स्त्रियांच्याच हाती कॅमेरे दिले गेले. आपले कष्ट आणि आरोग्याचे प्रश्न त्यांनी स्वतः टिपले, त्यावर स्वतः बोलल्या. आम्हाला हीच वाट योग्य वाटते.

आज मोबाईल वस्तीवस्तीत पोहोचला आहे. सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा कुठे, कधी मोडला गेला, याची फोटोसह नोंदवही आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी कामगारांसोबत बसून ठेवावी. आमची दया येईल असे फोटो पुष्कळ झाले. आता जाब विचारता येईल असे फोटो हवेत.