वऱ्हाडची तपन आणि पिवळा पडणारा स्फटिक

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की माणसं दुपारी दारं लावून घेतात. शेतातल्या सौर पंपाच्या प्लेटा मात्र तपनीतच उभ्या असतात. हवेपेक्षा त्या २०-३० अंशांनी अधिक तापतात, म्हणजे सत्तरीच्या आसपास जातात. सिलिकॉन हे सोसतं, म्हणून त्याची २५ वर्षांची हमी मिळते. त्याच्या जोडीला येऊ पाहणारं पेरोव्स्काइट हे स्फटिकी द्रव्य सोसेल का? अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं मला हाच प्रश्न कार्यक्षमतेच्या विक्रमांपेक्षा मोठा वाटतो.

जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटानं २००९ मध्ये या पदार्थाचा पहिला सौरघट केला, तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज ती २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. टिकाऊपणाची वाट मात्र खडतर निघाली, आणि त्याचं मूळ घटकांमध्येच आहे. शिसं आणि आयोडीन यांची चौकट असते. तिच्या पोकळीत एक धनभारित कण बसतो. सुरुवातीला तिथे मिथाइलअमोनियम असे. ८५ अंशांवर, ओलावा नसतानाही, तो तुटून वायुरूपानं निसटतो. काळ्या थराच्या जागी पिवळं लेड आयोडाइड उरतं.

मग फॉर्मामिडिनियम आलं. ते उष्णता अधिक सोसतं, पण पोकळीच्या मानानं थोडं मोठं आहे. त्यामुळे साध्या तापमानाला त्याचा काळा स्फटिक हळूहळू निरुपयोगी पिवळ्या रूपात जातो; दमट हवेत आणखी लवकर. सिझियम उडून जात नाही, पण ते फार लहान. कुऱ्हाडीत दांडा सैल बसावा, तशी त्याची गत. सैल दांड्याला आपण पाचर ठोकतो. रसायनशास्त्रज्ञांनी मिश्रण केलं. २०१६ मध्ये मायकेल सालिबा आणि सहकाऱ्यांनी तिन्ही कण एकत्र आणले. काळं रूप स्थिरावलं, आणि सलग २५० तास चालवूनही घटाची कार्यक्षमता सुमारे १८ टक्के राहिली.

मिश्रणालाही किंमत मोजावी लागते. सिलिकॉनवर बसवायच्या वरच्या थरासाठी आयोडीनमध्ये ब्रोमीन मिसळतात. प्रमाण वाढलं की उजेडात दोघांची वेगवेगळी बेटं होतात आणि अंधारात ती पुन्हा मिसळतात, असं एरिक होक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. वऱ्हाडात उजेडाला कुठे तोटा आहे!

म्हणूनच कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात घडलेले आणि दक्षिण कोरियात काम करणारे सावंता माळी यांच्या कामाकडे माझं लक्ष जातं. निसटणारा सेंद्रिय कणच वगळून त्यांनी सिझियमचा पूर्ण अजैविक पदार्थ घेतला, त्याच्याच दोन स्फटिकरूपांचे थर एकावर एक बसवले, आणि २०२३ मध्ये त्यांच्या गटानं २१.५ टक्क्यांवरची कार्यक्षमता नोंदवली.

पण सिझियमच्या काळ्या रूपाचा वैरी ओलावा आहे, आणि आपल्याकडे तपनीच्या मागोमाग मृगाचा पाऊस येतो. प्लेटांच्या प्रमाण चाचणीत ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रता एकदमच देतात, १००० तास. म्हणजे बेचाळीसेक दिवस. शेतातल्या प्लेटेला पंचवीस उन्हाळे आणि पंचवीस पावसाळे काढायचे असतात.