घर दाखवण्याआधी घराची प्रकृती पाहा

दिग्रसमधील एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणा. सागवानी चौकट, ओसरीवर वडिलांची आरामखुर्ची, अंगणात तुळशीवृंदावन, मागे विहीर. मुले नोकरीनिमित्त पुण्या-नागपुरात स्थिरावलेली, वडील गेलेले, पंचाहत्तरीची आई एकटी. ‘घर विकू, तू आमच्याकडे ये,’ असे एकदाचे ठरते. मग गिऱ्हाइके येण्यापूर्वीच्या पंधरा दिवसांत घरात एकच धांदल उडते. तीत भिंती उजळतात. घरातल्या माणसांच्या प्रकृतीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आपल्यावर असा प्रसंग आला, तर दोन्हींची काळजी कशी घ्यावी, याचा हा विचार.

पहिले काम माळ्याचे. वर्षानुवर्षांची धूळ, उंदरांच्या लेंड्या आणि पारव्यांची विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नका. ते कण श्वासावाटे फुप्फुसांत जातात. आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, मगच ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. दमा असलेल्यांना त्या दिवशी घराबाहेर ठेवावे. शिडीवर चढण्याचे काम घरातल्या वडीलधाऱ्यांवर कदापि सोपवू नये. म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड घराच्या व्यवहारापेक्षा महाग पडते.

मग रंगकाम. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यामुळे जुन्या दारे-खिडक्यांवरील तैलरंगाच्या थरांत शिसे असू शकते. ते थर कोरडे घासले, तर उडणारी भुकटी लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते. पृष्ठभाग ओला करूनच घासावा, पापुद्रे गोळा करून पिशवीत बांधावेत आणि काम संपेपर्यंत मुले व गर्भवती स्त्रियांना तेथे थांबू देऊ नये.

आता खऱ्या कसोटीचा प्रश्न. आपली जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून भिंतींना तडे जातात आणि त्या वाटेने ओल शिरते. गिऱ्हाईक येण्याआधी तेथे लांबी भरून वर चकचकीत रंग फासण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु अडकलेली ओल पहिल्याच पावसात पापुद्रे काढते आणि त्यामागे वाढलेली बुरशी नव्या कुटुंबातील दमेकऱ्याला छळते. त्याऐवजी आधी छपराची गळती थांबवा, पन्हाळी साफ करा, पायथ्याशी साचणारे पाणी दूर वळवा, भिंत पुरती वाळू द्या आणि मग चुना लावा. चुन्याच्या लेपातून भिंतीतील दमटपणा बाहेर पडू शकतो. इतके करूनही दोष उरला, तर तो सांगून टाका. सहज पाहणीत न दिसणारा, पण आपल्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला सांगणे, हे 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 55व्या कलमाने विकणाऱ्याचे कर्तव्यच ठरवले आहे. किंमत थोडी उतरेल. मनावर ओझे राहणार नाही.

पाण्याचेही तसेच. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक गावांत भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल, तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून अहवाल हाताशी ठेवा. त्याने घेणाऱ्याचा विश्वास वाढतो. घर बंद राहणार असेल, तर कूलरची टाकी रिकामी करून तिच्या कडा घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची अंडी कोरड्या कडांवरही महिनोन्‌महिने तग धरतात.

घर दाखवण्याच्या दिवशी उदबत्तीचा धूर किंवा उग्र सुगंधाचा फवारा नको. कुबट वास त्याने झाकला जात नाही, उलट शंका वाढते. सकाळीच खिडक्या उघडा, वारा खेळू द्या. फरशी ओली ठेवू नका आणि पायांत येणाऱ्या वायरी आवरा.

आणि आई? तिच्या देखत भावाची घासाघीस होऊ देऊ नका. कोण, केव्हा येणार, हे तिला आदल्या दिवशीच सांगा. कोणती वस्तू न्यायची, कोणती द्यायची, याचा शेवटचा शब्द तिचा असू द्या. आपल्याला अडगळ वाटणाऱ्या पितळी डब्यात तिच्या संसाराची चाळीस वर्षे असतात. नव्या घरात तिचे अंथरूण, देव आणि आरामखुर्ची तिच्या सवयीच्या जागी मांडा. झोप उडणे, जेवण तुटणे किंवा सतत उदास राहणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा.

निघताना तुळशीच्या मंजिऱ्या तिच्या हाती द्या. वृंदावन नव्या मालकाचे झाले, तरी त्या बियांतून उगवणारे रोप तिचेच राहील. आणि सकाळी उठून पाणी घालायला तिला एक कारण मिळेल.