इंजिन स्वतःसाठी किती डिझेल पिते?

वायंगणाच्या दिवसांत पेडणे-डिचोलीत ओहोळावर किंवा विहिरीवर जिथे विजेची तार पोहोचत नाही, तिथे डिझेल इंजिनच लावावे लागते. डिझेलची बरीचशी उष्णता धुरातून व थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. उरलेल्या शक्तीतलाही एक वाटा पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगे व व्हॉल्व यांच्या घर्षणात खर्च होतो. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल फिरवताना हाताला लागणारा जडपणा बहुतेक या घर्षणाचाच.

हा वाटा मोजता येतो. इंग्रज अभियंता पीटर विलन्स (१८५१-१८९२) यांनी वाफेच्या इंजिनासाठी वापरलेली रीत डिझेल इंजिनालाही लागू पडते. वेग तोच ठेवून भार वाढवला, तर इंधनाचा खर्च जवळजवळ सरळ रेषेत वाढतो.

समजा, ५ अश्वशक्तीचे इंजिन भाराशिवाय तासाला ३०० मिलिलिटर आणि पूर्ण भारावर १०५० मिलिलिटर डिझेल पिते. म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीमागे १५० मिलिलिटर वाढले. या हिशेबाने भाराशिवायचे ३०० मिलिलिटर म्हणजे सुमारे २ अश्वशक्ती घर्षणातच गेली.

घरी असे करा. पट्ट्यावरचा पंप असेल तर इंजिन गरम झाल्यावर बंद करून पट्टा काढा. टाकी खुणेपर्यंत भरा. नेहमीच्या वेगावर अर्धा तास चालवा. बंद करून मापाच्या भांड्याने पुन्हा खुणेपर्यंत भरा. जेवढे लागले त्याची दुप्पट म्हणजे तासाचा खर्च. जवळ विडी नको आणि बंद खोपीत इंजिन चालवू नका. पंप इंजिनाला थेट जोडलेला असेल तर हा प्रयोग करू नका, कारण कोरडा चालला की पंपाचे पॅकिंग जळते.

आकडा तारखेसह वहीत लिहा. पुढच्या हंगामात तो वाढलेला दिसला, तर आधी ऑइल पाहा. ते काळे, जुने किंवा सांगितलेल्यापेक्षा घट्ट असेल तर बदला. तरीही फरक पडला नाही तर मेकॅनिकला दाखवा. इंजेक्टर बिघडला किंवा कॉम्प्रेशन कमी झाले तरी खर्च वाढतो.

मुख्य गोष्ट लक्षात ठेवा. काम थोडे असो वा फार, घर्षणाचा हा खर्च तासाला जवळजवळ सारखाच राहतो. वरच्या इंजिनाला २ अश्वशक्तीचेच काम दिले, तर एका अश्वशक्तीमागे तासाला ३०० मिलिलिटर जाते; पूर्ण भारावर २१०. म्हणून लहान पंपाला मोठे इंजिन जोडू नका आणि पाणी बंद केले की इंजिनही बंद करा.