जाळ्यासाठी घरी शिसे वितळवता? आधी हे वाचा

भिगवण, पळसदेव, कुंभारगाव या भागात उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या घरांत जाळ्याची डागडुजी हे अंगणातले नेहमीचे काम असते. जाळ्याची खालची कड तळाला जावी म्हणून दोरीला शिशाची वजने ओवतात. गळाने मासे धरणाऱ्याला एखादे वजन पुरते, पण फेकजाळ्याला बरीच लागतात. दुकानात ती तयार मिळतात. तरीही भंगारातले शिसे किंवा जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळवून वजने घरीच ओतली तर चार पैसे वाचतील, असे कुणालाही वाटेल. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या चुलीवरही. काम सोपे आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

डॉक्टर म्हणून मी स्पष्ट सांगतो: वजने विकतच घ्या. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर यात दुसरा विचारच करू नका.

शिसे अंगात जाते कसे?

शिशाचा तुकडा नुसता हातात धरल्याने ते कातडीतून फारसे आत जात नाही. ते जाते श्वासातून आणि तोंडातून. चुलीच्या जाळावर आपला ताबा नसतो. शिसे जास्त तापले की त्याचा अतिसूक्ष्म धूर निघतो. वितळलेल्या शिशावर राखेसारखी साय धरते, ती काढून टाकताना पूड उडते. ओतलेल्या वजनांच्या कडा कानशीने घासल्या की आणखी पूड. ही पूड डोळ्यांना दिसेलच असे नाही आणि तिला वासही नसतो. ती अंगणात, भांड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत मूल चार-पाच पट जास्त शोषून घेते. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढते.

बॅटरी फोडणे सगळ्यांत वाईट. प्लेटांवरचा लेप हा शिशाच्या संयुगांचाच असतो, तो वाळला की भुकटी होतो. शिवाय आतले ॲसिड भाजते ते वेगळेच. तोंडाला फडके बांधून यातले काहीच थांबत नाही. गूळ, दूध किंवा तूप खाल्ल्याने रक्तातले शिसे उतरते हा समजही खोटा आहे.

आणखी एक धोका तर लगेचचा. वितळलेल्या शिशात किंवा ओल्या साच्यात पाण्याचा थेंब पडला तर त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेले शिसे तोंडावर, डोळ्यांत उडते.

कशावरून ओळखायचे?

बहुतेक वेळा ओळखता येत नाही. मूल खेळते-बागडते, पण अभ्यासात मागे पडते, चिडचिड करते, भूक लागत नाही, चेहरा फिकट दिसतो. पोटात कळा येतात, शौचाला कडक होते. मग जंताचे औषध दिले जाते, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि चुलीवरच्या शिशाबद्दल कुणी विचारत नाही. मोठ्यांमध्ये पोटदुखी, सांधेदुखी, रक्तदाब वाढणे, मनगटाची ताकद कमी होणे अशी लक्षणे दिसू शकतात. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. गरोदरपणात तेच पुन्हा रक्तात उतरते आणि बाळापर्यंत पोहोचते.

म्हणून डॉक्टरांकडे गेलात की घरातले हे काम आपणहून सांगा. रक्तातील शिशाची तपासणी करता येते. त्यासाठी नमुना बऱ्याचदा मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवावा लागतो, त्यामुळे आधी चौकशी करा. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले की ते कुठून येते हे शोधून थांबवायचे. मुलांमध्ये ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर शिसे बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. त्यांनी रक्तातले शिसे उतरते, पण मेंदूचे झालेले नुकसान भरून येत नाही.

विकतची वजने तरी बिनधोक का?

पूर्णपणे नाही, कारण तीही शिशाचीच. पण धूर आणि पूड टळते, आणि सगळ्यांत मोठा धोका तोच असतो. गळाच्या दोरीवरची चिरलेली गोळी दाताने दाबून बसवण्याची सवय मात्र सोडा, पक्कड वापरा. वजने हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका, भाकरीला हात लावू नका. मुलांना ती खेळायला देऊ नका. मुलाने एखादे वजन गिळले तर शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नका. पोटातल्या आम्लात शिसे विरघळते, त्यामुळे त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या. चालत असेल तिथे लोखंडाची किंवा भाजलेल्या मातीची वजने वापरणे सर्वांत बरे.

आजवर घरी ओतकाम केले असेल तर ती कढई, पळी आणि साचा पुन्हा स्वयंपाकात येऊ देऊ नका. ती जागा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडके टाकून द्या. त्या वेळी अंगावर असलेले कपडे मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. उरलेली बॅटरी जुनी बॅटरी परत घेणाऱ्या दुकानदाराला द्या, नवी घेताना तिचे पैसेही वजा होतात. आणि त्या अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांची रक्ततपासणी या महिन्यातच करून घ्या.