औषधोपचार आणि पाळीव श्वान : पालकाच्या दक्षतेचे महत्त्व

पुण्यात स्वारगेट, मुकुंदनगर, शुक्रवार पेठ यांसारख्या दाट वस्तीच्या भागांतही अनेक कुटुंबे हौसेने कुत्री पाळतात. वयोमानानुसार या प्राण्यांचे सांधे धरतात, त्वचारोग होतो, क्वचित फेफरे येते आणि दीर्घकाळ औषध द्यावे लागते. औषधाने रोग आटोक्यात येतो. परंतु त्यापासून अपायही होऊ शकतो. मुक्या प्राण्यास आपली व्यथा सांगता येत नाही. म्हणून त्याच्यातील फरक वेळीच ओळखणे हे पालकाचे कर्तव्य ठरते.

सांधेदुखीवरील मेलॉक्सिकॅमसारख्या वेदनाशामकांमुळे जठराच्या अस्तरास इजा होऊ शकते. भूक मंदावणे, उलट्या होणे, विष्ठा डांबरासारखी काळी होणे ही त्याची लक्षणे होत. हा काळेपणा पचलेल्या रक्ताचा असतो. सकाळी फिरावयास नेताना विष्ठेकडे लक्ष द्यावे ते यासाठीच. अशा वेळी पुढील मात्रा न देता पशुवैद्यकांस गाठावे.

प्रेडनिसोलोनमुळे तहान, भूक व लघवी वाढते. मात्र ते दीर्घकाळ दिल्यावर एकाएकी थांबवू नये. कारण शरीरातील तत्सम संप्रेरकाची निर्मिती मंदावलेली असते. वेदनाशामकाबरोबर ते दिल्यास जठरव्रणाचा धोका वाढतो. फेफऱ्यावरील फेनोबार्बिटोनमुळे प्रारंभी सुस्ती येते, चाल अडखळते. हे औषधही परस्पर बंद केल्यास झटके बळावतात. दीर्घ उपचारात यकृताची रक्ततपासणी आवश्यक असते.

एका जिवास मानवणारे औषध दुसऱ्यास घातक ठरू शकते. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मृत देह खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने दगावल्याचे आढळल्यावर २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत आनुवंशिक दोषामुळे आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत मेंदूत शिरते. माणसांसाठीची आयब्युप्रोफेन वा डायक्लोफिनॅकची गोळी कुत्र्यास कधीही देऊ नये.

यासाठी घरी एक वही ठेवावी. तीत कुत्र्याचे वजन, औषधाचे नाव, मात्रा व वेळ, तसेच भूक, पाणी, उलटी, विष्ठा व चाल यांची रोज नोंद करावी. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिणे अस्वाभाविक समजावे. हिरड्या फिकट पडणे, तोल जाणे वा चेहऱ्यावर सूज येणे ही तातडीच्या उपचाराची लक्षणे होत. या नोंदींवरून मात्रा कमी करावी की औषध बदलावे, हे पशुवैद्यकांस ठरविता येते.