आईच्या पेटीतलं वजनाचं तिकीट

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत उधन्याला आईच्या लोखंडी पेटीत एक पिवळं पडलेलं पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं. रेल्वे फलाटावरच्या वजनकाट्याचं. १९८९ मध्ये लग्नानंतर पहिल्यांदा सुरतला येताना बाबांनी हौसेनं आईला भुसावळ स्टेशनवर काट्यावर उभं केलं होतं. तिकिटाच्या एका बाजूला भविष्य, दुसऱ्या बाजूला वजन : ४८ किलो.

त्याच आठवड्यात आईचा इको झाला होता. त्या कागदावर वजन होतं ७१ किलो. ३६ वर्षांत २३ किलो. सवयीनं हिशेब केला, तर महिन्याला जेमतेम ५३ ग्रॅम. शेंगदाण्याच्या एका छोट्या पुडीएवढं. कुणाच्या लक्षात येणार?

जिना चढताना दम लागतो, असं आई दोन वर्षं सांगत होती. कधी गॅसच्या गोळ्या मिळाल्या, कधी अशक्तपणाच्या. तीही हसून म्हणायची, “आते वय व्हयनं, माय.” माझ्या कंपनीच्या विम्यातून दरवर्षी आईवडिलांची तपासणी करता येते. मी न चुकता बाबांची करून घेतली. हृदयाचा त्रास पुरुषांना, हे डोक्यात पक्कं. आई म्हणायची, “मला काय धाड भरलीय?” आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं वाटायचं.

मग एका रात्री आडवं झाल्यावर तिचा श्वास कोंडला. उशांचा ढीग करून ती बसून राहिली. पावलांवर सूज होती. इकोत हृदयाचं पंपिंग ६० टक्के निघालं, म्हणजे उत्तम. मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “पंपिंग चांगलं आहे, पण हृदय नीट सैल होत नाहीये.”

हे मला नवीन होतं. हृदयाची दोन कामं असतात : आवळून रक्त बाहेर ढकलणं आणि सैल होऊन पुन्हा भरून घेणं. शरीर वाढलं की रक्ताचं प्रमाण वाढतं आणि हृदयाला रोज जास्त रक्त फिरवावं लागतं. बहुतेक वेळा रक्तदाबही चढतो. वर्षानुवर्षं हा भार ओढून हृदयाच्या भिंती जाड होतात, ताठर होतात. पोटातल्या चरबीतून सूज वाढवणारे घटक रक्तात उतरतात, ते या ताठरपणात भर घालतात. मग हृदय आरामात भरत नाही, दाब मागे फुफ्फुसांकडे जातो आणि दम लागतो. असं ‘पंपिंग चांगलं, तरी हृदय निकामी’ दुखणं पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसतं. पाळी गेल्यावर चरबी कमरेवरून पोटाकडे सरकते, हे त्याचं एक कारण.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,८८१ लोकांच्या सरासरी १४ वर्षांच्या नोंदी २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. लठ्ठ स्त्रियांत हृदय निकामी होण्याचा धोका सामान्य वजनाच्या स्त्रियांच्या दुप्पट होता. तिथल्याच परिचारिकांवरचा मोठा अभ्यास तर थेट आईच्या तिकिटाशी बोलतो. वयाच्या १८ व्या वर्षानंतर ८ ते ११ किलो वाढलेल्या स्त्रियांत, वजन फारसं न बदललेल्यांच्या तुलनेत, हृदयविकाराचा धोका दीडपटीहून जास्त आढळला. २० किलो किंवा अधिक वाढलेल्यांत तो अडीचपटीहून जास्त होता. म्हणजे आजचा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तिथवर कसे पोचलो तेही तितकंच महत्त्वाचं.

“मी कुठं जाड आहे?” असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लान्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसतो, तरी चरबी बाळगून असतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात, आणि स्त्रियांच्या पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

घेर साडीच्या निरीवर मोजायचा नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पट्टी धरायची, श्वास सोडायचा आणि वाचायचं. आईनं वर्षानुवर्षं घरात जमिनीवर बसून साड्यांना स्टोन लावले, सहा-सहा तास. तिच्या डब्यात मापाची पट्टी कायम होती. ती तिच्या स्वतःच्या पोटाला कधी लागली नाही.

दिलासा असा, की उशीर झाला तरी फायदा होतो. वयस्क, लठ्ठ आणि हेच दुखणं असलेल्या १०० जणांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्यात बहुतेक स्त्रियाच होत्या. २० आठवडे मोजका आहार आणि नियमित चालणं यांनी त्यांची दम न लागता श्रम करण्याची ताकद वाढली. दोन्ही एकत्र केल्यावर फायदा आणखी जास्त. आईला डॉक्टरांनी औषधं दिली, मीठ कमी केलं, चालायला सांगितलं. उपासतापास करून झटपट वजन उतरवायचं नाही, असंही बजावलं. रविवारचा लोचो बंद झाला नाही, पण एका प्लेटचे आता तीन वाटे होतात. सहा महिन्यांत आईचे पाच किलो उतरले आणि ती दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढते.

गरोदरपणात साखर किंवा रक्तदाब वाढला असेल, तर पुढे हृदयाला जास्त जपावं लागतं. मुलीच्या वेळी माझी साखर वाढली होती. परवा आईनं स्वतःचा घेर मोजला आणि पट्टी माझ्याकडे वळवली. “श्वास सोड. पोट आत घेऊ नकोस, मला दिसतंय.”

८६ निघाले. आईनं कॅलेंडरवर तारखेशेजारी आकडा लिहिला, तिच्या आकड्याच्या खाली. या वर्षी तपासणीला आम्ही दोघी जाणार आहोत. बाबांचीही वेळ घेतलीय, पण आधी आमची.