लोणारचा असुर आणि अरुणावतीचा डोह

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर म्हणजे लवणासुराचे बीळ, विष्णूने त्याला तेथेच मारले, अशी पुराणकथा आहे. विज्ञान सांगते, उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेला तो खड्डा आहे. जून २०२० मध्ये तेथील पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. असुर कुठेच सापडला नाही.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले : परंपरेने आले म्हणून मानू नका, पारखून घ्या. आपल्या आर्णीत अरुणावतीच्या डोहात एखादे लेकरू बुडाले आणि ‘आसरांनी ओढले’ म्हणून आपण गप्प बसलो, तर दुसरे लेकरू कोण वाचवणार? माताभगिनींनो, आम्ही म्हणतो, डोहाला नारळ नको; लेकरांना पोहायला शिकवा.